पुन्हा झटका आला तर?

"मॅडम, हे रात्री तीन-तीनदा उठतात. दिवा लावून तोंड वाकडं झालंय का ते आरशात बघतात, हात वर करून बघतात, मग स्वतःचं नाव मोठ्यानं म्हणतात." काकू सांगत होत्या आणि काका मान खाली घालून बसले होते. (ओळख कळू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

काका शिंपी. पाच महिन्यांपूर्वी मेंदूच्या डाव्या बाजूचा रक्तपुरवठा अडला आणि उजवं अंग लुळं पडलं. बोलणं परत आलं, काठीशिवाय चालायलाही लागले. उजव्या हाताची बोटं मात्र बधिरच. "पुन्हा झटका आला तर?" हा एकच प्रश्न त्यांना छळत होता.

अर्धांगवायूतून उठलेल्या अनेकांकडून मी हे ऐकते. "काही होत नाही हो" असं मी कधीच म्हणत नाही, कारण धोका खरा असतो.

कुणीतरी सुचवलं म्हणून काकांनी घरी ध्यान करून पाहिलं होतं. डोळे मिटले की छातीतली धडधड तेवढी जाणवे आणि घाम फुटे. "मेंदूच बिघडलाय, मला कसलं ध्यान जमतंय?"

पहिल्या भेटीत माझंही चुकलं. जॉन कबात-झिन यांनी १९७९ मध्ये अमेरिकेत सुरू केलेल्या ८ आठवड्यांच्या सजगता (आत्ता जे जाणवतंय त्याकडे शांतपणे लक्ष देणं) कार्यक्रमात पायाच्या बोटांपासून डोक्यापर्यंत एकेका अवयवाकडे लक्ष न्यायचं असतं. तेच करायला घेतलं. उजव्या पायाशी आल्यावर काका म्हणाले, "तिथं काही नाहीच," आणि त्यांना रडू आवरेना.

पुढच्या वेळी त्यांना कापडाचे तुकडे आणायला सांगितले. डोळे उघडे, पाय जमिनीला टेकलेले, वेळ फक्त ३ मिनिटं. डाव्या हाताखाली पॉपलीन.

"काय कळतं?"

"गार आहे. वीण घट्ट."

मग मांजरपाट, मग खण. जन्मभर बोटांनीच कापड ओळखणाऱ्या माणसाला लक्ष द्यायला मी काय शिकवणार! मध्येच ते थबकले. "भीती आली."

"कुठं?"

"गळ्यापाशी."

"असू दे. आता बोटांखाली काय आहे?"

शेवटी तोच तुकडा उजव्या हाताखाली ठेवला. बराच वेळ गप्प राहून म्हणाले, "पोत कळत नाही. हात जड आहे, एवढं कळतंय." मला तेवढंच हवं होतं. हात सुधारण्यासाठी फिजिओथेरपी रोज चालूच होती, डॉक्टरांच्या गोळ्याही.

एका गोष्टीवर मात्र मी हटून बसले. तोंड वाकडं होणं, हातपाय एकाएकी गळणं, बोलणं अडखळणं, दिसेनासं होणं, तोल जाणं, यातलं काहीही नव्यानं दिसलं तर श्वासाकडे बघत बसायचं नाही, आपोआप बरं वाटेल म्हणून थांबायचंही नाही. तडक १०८. मेंदूचा रक्तपुरवठा अडवणारी गुठळी विरघळवणारं इंजेक्शन लक्षणं सुरू झाल्यापासून साधारणपणे साडेचार तासांच्या आतच देता येतं. काकूंनी हे सगळं कागदावर लिहून फ्रिजवर चिकटवलं.

सहाव्या भेटीला काकू म्हणाल्या, "अजून उठतात. पण दिवा लावत नाहीत. गोधडीवर हात फिरवत बसतात. दुकानातल्या चिंध्या आणि घरातले जुने कपडे घालून शिवलेली आहे. हे तुझं परकराचं कापड, हा पोराचा शाळेतला सदरा, असं पुटपुटतात."

"टाके लागतात हाताला," काका म्हणाले. "डाव्या. उजवा अजून नुसता जड."