नारळाच्या बागेत आले कुजू नये म्हणून

गुहागर तालुक्यातून एका बागायतदारांनी विचारले आहे : "माझी माडांची बाग 30 वर्षांची आहे. गेल्या वर्षी मधल्या जागेत आले लावले. श्रावणात पाने पिवळी पडली आणि अर्धे पीक कुजले. माडांची सावली बाधली का?" देवगडच्या एका शेतकऱ्याला हापूसच्या कलमांमध्ये आले घ्यायचे आहे.

आधी गुहागरचे. सावली बाधलेली नाही. आल्याला 25-30 टक्के सावली मानवते. माड साधारण 8 ते 25 वर्षांचा असताना बागेत दाट सावली असते, तेव्हा आले नीट पोसत नाही. पंचविशीनंतर झावळ्या उंच जातात आणि खाली ऊन उतरते. तुमच्या बागेचे वय आल्याला योग्यच आहे. तुमचे आले सपाट जमिनीत होते, असे तुम्हीच पुढे लिहिले आहे. घात तिथे झाला. पिवळे पडलेले रोप धरून ओढले असते तर ते अलगद हातात आले असते आणि बुंध्याला घाण वास आला असता. ही कंदकूज. साचलेल्या पाण्यात ती एका गड्ड्यावरून दुसऱ्यावर जाते.

म्हणून यंदा बागेतल्या दुसऱ्या जागेत गादीवाफेच करा. 1 मीटर रुंद, निदान 30 सेंटीमीटर उंच. 7.5 मीटरवर लावलेल्या माडांत दोन्ही बाजूंच्या बुंध्यांपासून 2-2 मीटर जागा सोडली की मधे साडेतीन मीटरचा पट्टा उरतो. त्यात दोन वाफे आणि अर्ध्या मीटरचे तीन चर बसतात. तिसऱ्या वाफ्याचा मोह आवरा, तो माडाच्या मुळांवर जातो. चरांची तोंडे उताराकडे मोकळी हवीत. पहिली मोठी सर पडून गेल्यावर अर्ध्या तासाने बागेत जा. चरात पाणी उभे दिसले तर त्याच दिवशी फावडे घेऊन वाट काढून द्या.

गेल्या वर्षीच्या त्या जागेत दोन-तीन वर्षे आले लावू नका आणि तिथले बेणेही वापरू नका, वरून चांगले दिसले तरी. निरोगी बागेतून माहीम किंवा वरदा जातीचे बेणे आणा. गुंठ्याला 15 ते 18 किलो बेणे लागते. 20-25 ग्रॅमचा, एक-दोन ठसठशीत डोळे असलेला तुकडा घ्या. मँकोझेब 3 ग्रॅम प्रतिलिटर पाण्यात अर्धा तास बुडवून सावलीत सुकवा. लागवड मेअखेरीस, रोहिणी नक्षत्रात करावी, म्हणजे पावसाचा जोर वाढण्याआधी कोंब वर येतात. दोन तुकड्यांत वीतभर अंतर पुरे. शेणखत गुंठ्याला 250 ते 300 किलो, पण पूर्ण कुजलेले.

लावल्याबरोबर वाफा गिरिपुष्पाच्या पाल्याने झाका, गुंठ्याला 100 किलो तरी. हे काम बरेच जण टाळतात, आणि मला त्याचे फार वाईट वाटते, कारण कुंपणाला गिरिपुष्प उभा असतो. उघड्या वाफ्याची माती आपल्या पावसात धुपून गड्डे उघडे पडतात. 40-45 दिवसांनी तण काढून, भर लावून पुन्हा पाला घाला. एखादे रोप कुजलेले दिसले तर गड्ड्यासकट काढून बागेबाहेर टाका आणि त्या जागी व भोवताली कॉपर ऑक्सिक्लोराइड 3 ग्रॅम प्रतिलिटर ओता.

कधी रोप हिरवे असतानाच मलूल होते. त्याचे खोड कापून काचेच्या पेल्यातल्या स्वच्छ पाण्यात धरा. दुधासारखी तार खाली उतरली तर ती जिवाणूजन्य मर आहे. तिला बुरशीनाशक लागू पडत नाही, त्यावर पैसे घालवू नका. टोमॅटो, मिरची, वांगी घेतलेल्या जागेत आले लावू नये, तेही यासाठीच.

आता देवगड. मोठ्या हापूसखाली आले लावू नका, असे मी स्पष्ट सांगेन. सावली दाट असते, पण खरी अडचण पाण्याची आहे. पाऊस गेला की मोहोर येण्यासाठी आंब्याला पाण्याचा ताण बसावा लागतो. आले मात्र डिसेंबर-जानेवारीत काढणीला येते, म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबरात त्याला पाणी द्यावेच लागते. आल्याला पाणी दिले की कलम पालवीवर जाते आणि मोहोर लांबतो. कलमे चार-पाच वर्षांच्या आतली असतील, 10 मीटरच्या अंतरात ऊन खेळत असेल आणि विहिरीला पाणी असेल, तर मधल्या पट्ट्यात वरच्याच पद्धतीने लावा. कलमे फळावर आली की आले तिथून हलवा.