नॅनोमीटर, अँगस्ट्रॉम आणि पिकोमीटर ही एकके नेमकी कशी समजून घ्यावीत?

आपण विचारले आहे की अकरावीच्या रसायनशास्त्रात नॅनोमीटर, अँगस्ट्रॉम आणि पिकोमीटर यांची रूपांतरे पाठ असूनही त्या लांब्या डोळ्यांसमोर येत नाहीत, आणि गणित सोडवताना दहाचा घात दरवेळी कुठेतरी चुकतो. मी कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवतो आणि ही अडचण चांगल्या अभ्यासू मुलांनाही येते, हे मी वर्षानुवर्षे पाहत आलो आहे. माझ्या मते तिचे मूळ असे आहे की आपल्याला मीटरपासून खाली उतरायला शिकवले जाते: मीटरचा हजारावा भाग, त्याचा हजारावा, पुन्हा त्याचाही हजारावा. इतके जिने उतरल्यावर आपण नेमके कुठे येऊन पोहोचलो, हे कोणालाच उमगत नाही. प्रत्यक्ष रसायनशास्त्रात काम करणारा माणूस मीटरपासून नव्हे, तर अणूपासून मोजायला सुरुवात करतो.

बांधकामावर सळया बांधणारा कारागीर ‘तीन सुताची सळई’ मागतो. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. तीच सळई सुमारे ०.०१ मीटर जाडीची आहे असे त्याला सांगितले तर ते खोटे ठरत नाही, पण त्या आकड्यावरून त्याच्या हाताला काहीही कळत नाही. अँगस्ट्रॉम, म्हणजे नॅनोमीटरचा दहावा भाग, हे रसायनशास्त्रातले सूत आहे, असे समजा. हायड्रोजनच्या रेणूतील दोन अणुकेंद्रकांमधले अंतर ०.७४ अँगस्ट्रॉम, पाण्यातील ऑक्सिजन व हायड्रोजन यांच्यातील बंध ०.९६, कार्बन-कार्बन एकेरी बंध १.५४, दुहेरी १.३४, तिहेरी १.२०, आणि मिठाच्या स्फटिकातील सोडिअम व क्लोराइड आयनांमधले अंतर २.८२. हे आकडे एकाखाली एक लिहून काढा. सगळे शून्याच्या थोडे पुढे आणि तीनच्या अलीकडे आहेत. अणूंच्या जगात ‘एक-दीड’ म्हणजे किती, हे एकदा अंगवळणी पडले की मग एकक बदलणे म्हणजे केवळ दशांश चिन्ह सरकवणे उरते: १.५४ अँगस्ट्रॉम म्हणजेच ०.१५४ नॅनोमीटर आणि म्हणजेच १५४ पिकोमीटर. यानंतर आपल्या उत्तरात बंधाची लांबी १५४ नॅनोमीटर आली, तर आकडेमोड पुन्हा न तपासताही चूक लक्षात येईल, कारण इन्फ्लुएन्झाचा आख्खा विषाणूच सुमारे १०० नॅनोमीटरचा असतो.

तरीही ‘डोळ्यांसमोर येत नाही’ ही आपली तक्रार शिल्लक राहतेच, आणि ती रास्त आहे. त्यासाठी मी वर्गात एक साधा प्रयोग करून घेतो. पोळ्या गुंडाळण्यासाठी वापरतात ती अ‍ॅल्युमिनिअमची फॉइल घेऊन तिचा ३० सेंटिमीटर बाजूचा चौरस कापायचा आणि प्रयोगशाळेच्या तराजूवर त्याचे वजन करायचे. समजा ते २.७ ग्रॅम भरले. अ‍ॅल्युमिनिअमची घनता दर घन सेंटिमीटरला २.७ ग्रॅम, म्हणून त्या तुकड्याचे घनफळ १ घन सेंटिमीटर. क्षेत्रफळ ९०० चौरस सेंटिमीटर असल्यामुळे जाडी निघते सुमारे ०.००११ सेंटिमीटर, म्हणजे ११ मायक्रोमीटर. पट्टी न लावता, केवळ वजनावरून ही जाडी निघते, याचे मुलांना नेहमी अप्रूप वाटते. आता अ‍ॅल्युमिनिअमच्या एका अणूचा व्यास २.८६ अँगस्ट्रॉम धरून भागाकार केला, तर त्या जाडीत जवळजवळ ३९ हजार अणू एका रांगेत बसतात असे दिसते. बोटांत धरली तर जाणवतही नाही अशी ती जाडी, आणि तिच्यात एखाद्या तालुक्याच्या गावात असावीत तितकी डोकी! अणूचा आकार आपल्याला कधीच दिसणार नाही, पण असा भागाकार स्वतःच्या हाताने केला की तो पटतो.

एकाच गोष्टीसाठी तीन एकके का, असाही प्रश्न आपल्या मनात असेल. स्वीडनमधील उप्साला येथील भौतिकशास्त्रज्ञ आंदेर्स योनास अँगस्ट्रॉम यांनी १८६८ साली सूर्यप्रकाशाच्या वर्णपटाचा जो तपशीलवार नकाशा प्रसिद्ध केला, त्यात तरंगलांब्या मिलिमीटरच्या कोट्यंशात दिल्या होत्या; पुढे त्या कोट्यंशालाच त्यांचे नाव मिळाले. हे एकक आंतरराष्ट्रीय एककपद्धतीत मोडत नाही, म्हणून आजची पाठ्यपुस्तके अणुत्रिज्या पिकोमीटरमध्ये देतात, तर स्फटिकांचा अभ्यास करणारे अजूनही अँगस्ट्रॉम सोडायला तयार नाहीत. दृश्य प्रकाशासाठी मात्र नॅनोमीटर सोयीचा, कारण त्याच्या तरंगलांब्या साधारण ४०० ते ७०० नॅनोमीटर असतात. सोडिअमच्या दिव्याचा पिवळा प्रकाश ५८९ नॅनोमीटरचा. या एकाच आकड्यावरून हेही कळते की साध्या सूक्ष्मदर्शकातून अणू का दिसत नाही: प्रकाशाची लाटच अणूपेक्षा हजारो पटींनी लांब आहे. तांब्यापासून मिळणाऱ्या, प्रयोगशाळांत नेहमी वापरल्या जाणाऱ्या क्ष-किरणांची तरंगलांबी मात्र १.५४ अँगस्ट्रॉम, म्हणजे कार्बन-कार्बन बंधाएवढीच असते. हा निव्वळ योगायोग आहे, पण लक्षात ठेवायला फार उपयोगी आहे. अशा आखूड लाटांच्याच आधारे ब्रॅग पितापुत्रांनी १९१३ च्या सुमारास मिठासारख्या स्फटिकांची रचना उलगडली आणि १९१५ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक दोघांना मिळून देण्यात आले.

आता घात चुकण्याविषयी. माझ्या पाहण्यात सर्वाधिक गुण जातात ते लांबीवरून घनफळ काढताना. मिठाच्या युनिट सेलची, म्हणजे स्फटिकात पुन्हा पुन्हा येणाऱ्या लहानशा घनाची, बाजू ५६४ पिकोमीटर असते. मुले पिकोमीटरचे मीटर करतात, मीटरचा घन करतात, मग घन मीटरचे घन सेंटिमीटर करायला जातात आणि या येरझाऱ्यांत घात हरवतो. त्याऐवजी एवढेच पक्के करा की एक अँगस्ट्रॉम म्हणजे दहाचा उणे आठवा घात इतके सेंटिमीटर. मग बाजू झाली ५.६४ अँगस्ट्रॉम. ५.६४ चा घन सुमारे १७९.४, आणि उणे आठची तिप्पट उणे चोवीस. ही तिप्पट करायला विसरणे हीच ती नेहमीची चूक, म्हणून मी ती फळ्यावर वेगळ्या रंगाच्या खडूने लिहितो. अशा एका सेलमध्ये सोडिअम क्लोराइडची चार सूत्र-एकके असतात, म्हणून चार गुणिले ५८.४४ (सोडिअम क्लोराइडच्या एका मोलचे ग्रॅममधील वस्तुमान) या संख्येला अ‍ॅव्होगॅड्रो संख्येने, म्हणजे एका मोलमधील कणांच्या संख्येने, आणि या घनफळाने भागा. उत्तर दर घन सेंटिमीटरला २.१६ ग्रॅम येते, आणि मिठाची प्रत्यक्ष मोजलेली घनताही तेवढीच आहे. आपले उत्तर याहून वेगळे आले, तर पुढच्या गणिताकडे न वळता आधी उणे चोवीस लिहिलेली ओळ शोधा.