इंटरमिजिएटला ए ग्रेड

पत्र थोडक्यात असं : सोलापूर, अक्कलकोट रोडला आठ पॉवरलूम. मुलगी यंदा बारावी सायन्स झाली, सीईटीला ७१ पर्सेंटाइल. वडील लिहितात, "माग गहाण टाकून मॅनेजमेंट कोट्यातून कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला घालायची तयारी आहे. पण हिला म्हणे डिजिटल कलेचा इतिहास आणि सिद्धान्त शिकायचाय. कालपरवा आलेल्या गोष्टीला कसला इतिहास? आता तर एआय मिनिटात चित्र काढून देतं. चित्रं काढायचा पेन टॅब मी कपाटात कुलूप लावून ठेवलाय. गोदामात जेकार्डच्या जुन्या पुठ्ठ्यांच्या माळा पडल्यात, भंगारवाला भाव देत नाही, ही त्यांचे फोटो काढत बसते. चित्रं मीही काढायचो, इंटरमिजिएटला ए ग्रेड होती, पण त्यानं पोट भरत नाही. तुम्ही चार शब्द समजावा, तुमचं ऐकेल."

नमस्कार.

चार शब्द समजावतो, पण तुम्हाला. तिनं मला काही विचारलेलं नाही.

पत्र दोनदा वाचलं. सुताचा भाव आहे, लाइटबिल आहे, भावकीतला पुण्यात आयटीत लागलेला पुतण्या आहे. मुलीचं नाव कुठेही नाही. 'ही' आणि 'हिला', बस्स. तिला कुठल्या विषयात गोडी आहे, बारावीची दोन वर्षं कशी गेली, ७१ का आले, यावर एक ओळ नाही. माग गहाण टाकण्यावर मात्र अख्खा परिच्छेद आहे.

त्या ए ग्रेडवर मी जास्त वेळ थांबलो. तीस वर्षांपूर्वीची ग्रेड माणूस उगाच लक्षात ठेवत नाही. तुमच्या वडिलांनी तुम्हाला कारखान्यात बसवलं तेव्हा कुणी विचारलं नव्हतं, हे तुम्हीच पुढच्या पानावर लिहिलंय. तुम्ही तर त्याच्या पुढे गेलात, कुलूप लावलंत. आणि कुलूप कशाला? सीईटी होऊन गेली, अभ्यास बुडायचा प्रश्न संपला. ही शिक्षा आहे, आणि ती कशाबद्दल हे तिला कळलेलं नसणार.

आता तुमचा सवाल, कालपरवाच्या गोष्टीला कसला इतिहास. तो तुमच्या गोदामात पडलाय. चादरीचं डिझाइन आधी ग्राफवर भरायचं, भरलेला चौकोन तिथे पुठ्ठ्याला भोक, एका आडव्या धाग्याला एक पुठ्ठा. भोक असेल तर उभा धागा उचलला जातो, नसेल तर नाही. हो किंवा नाही. कॉम्प्युटरलाही मुळात एवढंच कळतं. फ्रान्समधल्या ल्यों गावच्या जाकारनं, ज्याच्या नावावरून तुमचं 'जेकार्ड' आलं, हा माग १८०४ च्या सुमारास उभा केला. पुढे जाकारचंच चित्र रेशमात विणलं गेलं, त्याला सुमारे २४,००० पुठ्ठे लागले. त्या चित्राची एक प्रत इंग्रज गणितज्ञ चार्ल्स बॅबेजनं लंडनला घरात लावली होती आणि आपल्या गणकयंत्रासाठी पुठ्ठ्यांची कल्पना त्यानं मागावरूनच उचलली. १८४३ मध्ये बॅबेजच्या यंत्राबद्दल एडा लव्हलेस या गणितज्ञ बाईनं लिहून ठेवलं की माग फुलं-पानं विणतो तसं हे यंत्र बीजगणिताची नक्षी विणतं. कॉम्प्युटरनं काढलेल्या चित्रांचं प्रदर्शन १९६५ मध्ये जर्मनीत श्टुटगार्टला भरलं, तेव्हा जमलेले चित्रकार चिडले. माक्स बेन्झे नावाच्या प्राध्यापकानं 'कृत्रिम कला' असा शब्द काढून त्यांना शांत केलं. म्हणजे तुमचं एआयचं भांडण साठ वर्षं जुनं आहे. चित्र कुणाचं, नियम लिहिणाऱ्याचं की यंत्राचं? पॅरिसची चित्रकार व्हेरा मोल्नार १९५९ पासून, हाताशी कॉम्प्युटर नसताना, स्वतःच यंत्र असल्यासारखी नियम पाळून चित्रं काढत होती. आपल्या मुंबईत चित्रकार अकबर पदमसींनी १९७० मध्ये आकड्यांच्या हिशेबानं हलणाऱ्या, हातानं काढलेल्या रेषांचा 'सिझिजी' हा छोटा ॲनिमेशनपट केला. 'सिद्धान्त' म्हणजे या सगळ्याचा विचार. सॉफ्टवेअरचा क्लास लावून तो येत नाही, आणि म्हणूनच पुढचं सॉफ्टवेअर आल्यावर तो शिळाही होत नाही.

पोटाची भीती मात्र खरी आहे, ती मी खोडणार नाही. नेमक्या या विषयाच्या नोकऱ्या मोजक्या : संग्रहालयं, गॅलऱ्या, अध्यापन, लेखन. हा विषय बहुधा पदवीनंतर हाताला लागतो, म्हणजे सहा-सात वर्षं धरा. आधी पाया हवा. डिझाइनसाठी आयआयटीवाल्यांची यूसीड किंवा एनआयडी या राष्ट्रीय डिझाइन संस्थेची परीक्षा, बी.एफ.ए. म्हणजे चित्रकलेच्या पदवीसाठी राज्याची ए.ए.सी. सीईटी, कलेचा इतिहासच घ्यायचा तर बडोद्याचं सयाजीराव विद्यापीठ. यंदाच्या तारखा हुकल्या असतील तर वर्ष जाऊ द्या. एक वर्ष गेल्यानं माग गहाण पडत नाहीत. कोट्यातून इंजिनिअरिंगला घातलंत आणि दुसऱ्या वर्षी विषय तुंबले, तर मागही गेले आणि मुलगीही बोलेनाशी झाली.

तिच्यासाठीही एक कडू गोष्ट. हा विषय वाचायचा आणि लिहायचा आहे, तोही बराचसा इंग्रजीतून. नुसते फोटो काढून भागणार नाही. इंग्रजीची वीस पानं वाचून दोन पानं स्वतःच्या शब्दांत लिहायचा कंटाळा येत असेल, तर तिनं सरळ टेक्स्टाइल डिझाइनकडे वळावं. सोलापूरच्या पोरीला त्यात लाज नाही, उलट चार पावलं पुढे असेल.

म्हणून कॉलेज ठरवण्याआधी एक काम सांगतो, आणि ते तुमच्याशिवाय होणार नाही. त्या माळांपैकी एक खाली काढा. धूळ झटका, पुठ्ठे ओळीनं जमिनीवर मांडा आणि त्यात कुठलं फूल की मोर दडलाय ते तिला वाचून दाखवा. तुम्हाला ते येतं, गुगलला येत नाही. पुठ्ठ्यांना भोकं पाडायचं पंचिंग कुणी केलं, ग्राफ कुणी भरला, ते डिझाइन बंद का पडलं, तिनं विचारायचं, तुम्ही सांगायचं. त्यावर तिनं चार पानं लिहायची. मराठीत चालतील.

पानं मला पाठवा. पाकिटावरचं अक्षर तिचं हवं, आत नावही. पेन टॅब आजच बाहेर काढा; इतके दिवस पडून असेल तर कदाचित आधी चार्जिंगला लावावा लागेल.