अमूर्त, मूर्च्छा आणि गुळाची ढेप

प्रश्न : कोल्हापुरातल्या शाहू स्मारकच्या कलादालनात भरणाऱ्या एका चित्रप्रदर्शनाची पत्रिका करतोय. चित्रकार भौमितिक अमूर्ताकडून ‘लिरिकल’ (मुक्त, वाहत्या रंगांच्या) अमूर्ताकडे वळलाय. ‘गीतात्म अमूर्त’ लिहिलं तर चालेल का?

उत्तर : चालेल. पण आधी ‘अमूर्त’चं बघू. आपल्याकडं चित्र डोक्यावरून गेलं की ‘लई अमूर्त हाय’ म्हणून लोक मोकळे होतात. अमूर्त म्हणजे अगम्य नव्हे हो!

‘मूर्त’ येतो ‘मूर्च्छ्’ धातूपासून. धातुपाठात, म्हणजे संस्कृत धातूंच्या जुन्या यादीत, त्याचे अर्थ मोह आणि समुच्छ्राय, म्हणजे भान हरपणं आणि वाढणं. शिवाय गोठणं, घट्ट होऊन आकार घेणं. एकदा गुऱ्हाळावर उभं राहून बघा. गुळव्या पाकाचा थेंब पाण्यात टाकतो, बोटांत गोळी वळली की काहिल उतरवायला सांगतो. निवून ढेप झाली, ती मूर्त. काहिलीत रटरटतंय, तोवर अमूर्त. मूर्च्छा याच धातूची आणि, गंमत म्हणजे, मूर्च्छनाही! (ऐकून मूर्च्छा येते ती मूर्च्छना, असं सांगणाऱ्या निवेदकांना कोपरापासून नमस्कार.) भरतमुनींची मूर्च्छना म्हणजे सात स्वरांची क्रमवार मांडणी, षड्ज आणि मध्यम या दोन ग्रामांत (मूळ स्वरसमूहांत) मिळून 14. ती वीणेच्या तारांवर लावायची. आणि ‘लिरिकल’ कुठून आला? ‘लायर’ या ग्रीक तंतुवाद्यावरून! मग ‘मूर्च्छनात्म अमूर्त’ का नको? गीताला शब्द लागतात, मूर्च्छनेला नुसते स्वर पुरतात.

परिभाषा घडवणाऱ्यांना ‘अमूर्त’च खुपतो, त्यांना ‘अप्रतिरूप’ (कशाचंही प्रतिरूप नसलेलं) हवा. हा शब्द कार्यालयाबाहेर कुणाच्या तोंडी ऐकलाय? वर दाखला देतात की चित्रकार वासुदेव गायतोंडेही आपल्या चित्रांना ‘अ‍ॅब्स्ट्रॅक्ट’ नाकारून ‘नॉन-ऑब्जेक्टिव्ह’, म्हणजे वस्तूशिवायचं, म्हणत. अहो, ‘अ‍ॅब्स्ट्रॅक्ट’ मूळ लॅटिनमध्ये ‘ओढून काढलेलं’. ओढून काढायला आधी वस्तू पाहिजे. ‘अमूर्त’ला ती लागतच नाही. म्हणजे गायतोंड्यांचा दाखला माझ्याच बाजूचा झाला.

हां, पत्रिका. ‘मूर्च्छनात्म’ छापायचं धाडस नसेल तर ‘भावगेय’ लिहा. पण या वळणाला ‘प्रगती’ म्हणू नका. रशियन चित्रकार कांदिन्स्की म्युनिकमधल्या वाहत्या रंगांकडून 1922 नंतर बाउहाउस या जर्मन कलाशाळेत वर्तुळ-त्रिकोणांकडं गेला, बरोबर उलटा. आणि प्रूफ स्वतः तपासा. छापखान्यातून हमखास ‘अमुर्त’ होऊन येतं.