इराक युद्धाला अमेरिकेतील सगळ्याच परंपरावाद्यांचा पाठिंबा होता का?

नव्हता, पण उघड विरोध करणारे मूठभरच होते. ऑक्टोबर २००२ मध्ये इराकवर लष्करी कारवाईचा अधिकार राष्ट्राध्यक्षांना देणारा ठराव प्रतिनिधिगृहात २९६ विरुद्ध १३३ मतांनी संमत झाला, तेव्हा परंपरावाद्यांचा मानल्या जाणाऱ्या रिपब्लिकन पक्षाचे विरोधात गेलेले सदस्य अवघे सहा होते. त्यांतले टेक्सासचे रॉन पॉल यांचा आक्षेप तत्त्वाचा होता: युद्ध पुकारण्याचा अधिकार राज्यघटनेने काँग्रेसला, म्हणजे अमेरिकी संसदेला, दिलेला असून तो असा परस्पर दुसऱ्याच्या हाती सोपवता येत नाही.

त्याआधी, ऑगस्टमध्ये, माजी राष्ट्राध्यक्ष थोरल्या बुश यांचे राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार राहिलेले ब्रेंट स्कोक्रॉफ्ट यांनी ‘वॉल स्ट्रीट जर्नल’मध्ये लेख लिहून, सद्दाम हुसेन यांचा ११ सप्टेंबरच्या हल्ल्यांशी संबंध असल्याचा पुरावा फारच तोकडा आहे आणि या युद्धामुळे दहशतवादाविरुद्धचा मूळ लढाच बाजूला पडेल, असे बजावले होते. घरच्याच माणसाने दिलेला हा इशारा त्यांचे पुत्र आणि तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष धाकट्या बुश यांनी मानला नाही. गंमत म्हणजे २०००च्या निवडणुकीत अल गोर यांच्याशी झालेल्या वादफेरीत ‘परक्या देशांची घडी बसवून देणे हे आपल्या सैन्याचे काम नव्हे’ अशी भूमिका त्यांनीच घेतली होती.

पुढे पक्षातले वारे फिरले. फेब्रुवारी २०१६ मध्ये साउथ कॅरोलायनात रिपब्लिकन उमेदवारीसाठीच्या वादफेरीत डोनाल्ड ट्रम्प यांनी धाकट्या बुश यांचे भाऊ जेब बुश यांच्यासमोर हे युद्ध घोडचूक असल्याचे सांगितले. सभागृहाने त्यांची हुर्यो उडवली, पण आठवड्याभराने तिथल्या रिपब्लिकन मतदारांनी त्यांनाच जिंकून दिले.