पंचायत विसरा, पण घरी बसू नका

तुम्ही लिहिलंत, ‘ग्रामपंचायतीत पाच वर्षं सदस्य होते, आता ह्यांची नोकरी अबुधाबीला. मुसलमानी देशात बाईमाणसाला घरातच बसावं लागतं का?’

मी इथे बारा वर्षं हिशेबखात्यात आहे. घरात बसावं लागत नाही. माझी साहेबीण इथलीच, अबाया (अंगभर काळा झगा) घालणारी. पहिल्या मीटिंगला आठ पुरुष तावातावाने बोलत होते. तिने गहव्याची (अरबी कॉफीची) छोटी वाटी हलवून बाजूला ठेवली (वाटी हलवली की ‘आता पुरे’), ‘खलास’ म्हणाली आणि लॅपटॉप मिटला. पुन्हा कोणी तोंड उघडलं नाही.

वरच्या पातळीवरही तेच. लुबना अल कासिमी २००४ मध्ये देशाच्या, म्हणजे संयुक्त अरब अमिरातीच्या (यूएई), पहिल्या महिला मंत्री झाल्या. इथली संसद म्हणजे राष्ट्रीय परिषद; तिच्या २००६ च्या पहिल्या निवडणुकीत निवडून आलेल्या एकमेव बाई म्हणजे अमल अल कुबैसी. २०१५ मध्ये त्या थेट परिषदेच्या सभापती झाल्या, अरब देशांत पहिल्यांदाच. आता परिषदेच्या ४० जागांपैकी निम्म्या बायकांच्या. आपल्या पंचायतीतल्या ५० टक्के आरक्षणासारखंच वाटतं ना? पण ही परिषद सल्ला देते, कायदा राज्यकर्ते करतात. २० जण निवडून येतात, २० नेमले जातात. मतदारयादीही सगळ्या नागरिकांची नसते, त्या त्या अमिरातीचे (देशातल्या संस्थानाचे) शासक नावं ठरवतात. पक्ष नाहीतच. म्हणजे बाईला खुर्ची मिळाली ती वरून, मोर्चे काढून नाही. मला त्यात कमीपणा वाटत नाही. आपल्याकडे खुर्ची बाईची आणि सह्या नवऱ्याच्या, हे तुम्ही माझ्यापेक्षा जास्त पाहिलं असेल.

मात्र हे सगळं त्यांच्या बायकांसाठी. आपण परदेशी; मत नाही, निवेदन नाही, घोषणा तर नाहीच. इथेच तुमची गोची होईल, कारण तुम्हाला चार बायका जमवून काम करायची सवय. माझंच सांगते. इमारतीतल्या एका मोलकरणीला आईच्या आजारपणात गावी जायचं होतं. मी वही घेऊन दारोदार पंचवीस-पंचवीस दिरहम गोळा करायला निघाले. तिसऱ्या मजल्यावरच्या केरळी काकांनी आत बोलावून चहा दिला आणि वही मिटवली. परवान्याशिवाय वर्गणी गोळा करणं इथे गुन्हा आहे. शेवटी तिकीट मी आणि त्यांनी मिळून काढलं. व्हॉट्सअ‍ॅपवर कोणाचा पाणउतारा केलात तरी तक्रार पोलिसांत जाऊ शकते, तेव्हा गावच्या ग्रुपवरची भाषा विमानतळावरच सोडा.

नवऱ्याच्या व्हिसावर आलात तरी नोकरी करता येते; कंपनी वर्क परमिट काढते. अर्जात ‘ग्रामपंचायत सदस्य’ एवढंच लिहू नका. किती लाखांची कामं पाहिली, किती बचतगट चालवले, ते लिहा.

विवाह नोंदणीचा दाखला आणि पदवी, दोन्हींवर परराष्ट्र मंत्रालयाचे आणि यूएई दूतावासाचे शिक्के भारत सोडण्याआधी घ्या. मी पदवीचं राहू दिलं होतं. त्यापायी भावाला मुंबईच्या तीन फेऱ्या पडल्या.