आधी तिची शिफ्ट काढ

प्रिय मित्रा,

तुझ्या कॉमिक्सची पानं वाचली. काळ्या रंगाचा वापर हेवा वाटावा असा आहे. पण तुझी स्ट्रिपर पहिल्या चौकटीपासून खांबाला धरून आहे आणि कथा तिच्या आजूबाजूचे पुरुषच ओढतात. एक छळतो, दुसरा सोडवतो. मध्येच ‘हा माझा निर्णय आहे’ असा संवादाचा एक फुगा तू तिच्या तोंडी घातला आहेस. अरे, पण तिने घेतलेला एकतरी निर्णय वाचकाला दिसतो का?

फ्रँक मिलरच्या ‘सिन सिटी’ या कॉमिक्सची सावली तुझ्यावर पडली आहे, ते साहजिक आहे. त्यातल्या नर्तकीच्या, नॅन्सीच्या, नाचाची पानं डोळ्यांसमोरून हलत नाहीत. मात्र तिची गोष्ट सांगतो हार्टिगन हा पोलीस, आणि आपण तिला त्याच्याच नजरेने पाहतो. तू नजर तेवढी उचललीस.

त्यापेक्षा सिल्वी रँकूरचं ‘मेलडी’ हे कॉमिक्स मिळव. मॉन्ट्रियलच्या क्लबांत नाचणाऱ्या या बाईने १९८५ मध्ये स्वतःची गोष्ट स्वतःच काढली, छापली आणि क्लबातल्या गिऱ्हाइकांनाच विकली! रेषा बालबोध म्हणावी इतकी साधी. तुझा हात तिच्यापेक्षा कितीतरी तयार आहे, पण तिची नायिका नग्न असतानाही कुणाच्या नजरेची मालमत्ता वाटत नाही. ती दयाही मागत नाही आणि आपण किती मुक्त आहोत हेही पटवत बसत नाही. कामावर जाते, एवढंच. रीड वॉलर आणि केट वर्ली यांचं ‘ओमाहा’ हे कॉमिक्ससुद्धा वाच, तिथे नर्तकीला मित्र आहेत, प्रेम आहे, राजकारणाचा ताप आहे.

आता धंद्याचं बघ, कारण तुझी कथा तिथेच पोकळ आहे. अमेरिकेतल्या बऱ्याच क्लबांत नर्तकी पगारी नोकर धरली जात नाही. उलट त्या रात्री नाचायला मिळावं म्हणून तीच क्लबला पैसे भरते, वर डीजे आणि बाउन्सरला वाटा देते. गिऱ्हाईक कमी आलं तर पदरचे पैसे घालून घरी जाते. म्हणजे कुणाशी बोलायचं, कुणाला टाळायचं, किती वेळ थांबायचं हा रात्रभराचा हिशेब तिचा असतो, आणि नियम दुसऱ्याचे. तिचं कर्तेपण या ओढाताणीत शोध. नॉर्थ हॉलिवूडच्या ‘स्टार गार्डन’मधल्या नर्तकींनी सुरक्षिततेसाठी २०२२ मध्ये क्लबाबाहेर निदर्शनं सुरू केली आणि २०२३ मध्ये नटांच्या संघटनेत, ‘अ‍ॅक्टर्स इक्विटी’त, सामील झाल्या. अशी बाई कॉमिक्समध्ये मला फारशी भेटलेली नाही. तुझ्याकडे भेटली तर आवडेल.

तेव्हा एक कर. तो सोडवणारा नायक काढून टाक आणि कथा उरते का पाहा. मेकअपच्या खोलीचं एक अख्खं पान दे: तिथे बायका गिऱ्हाइकांबद्दल काय बोलतात, कोण कुणाला सावध करतं. शाई लावू नकोस अजून, पेन्सिलीतच पाठव.

तुझा,
एक जुना संपादक